चौथी वीट

खालच्या वस्तीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन ओळंब्याच्या दारावरून चढ चढायला लागल्या, त्याला तीन आठवडे झाले होते. पायऱ्या चौऱ्याऐंशी, चढ उभा आणि वर रस्त्यावर नळ एकच. खाली मात्र त्यांच्या दारात काठोकाठ भरलेली विहीर. आता भरली विहीर सोडून बाई चौऱ्याऐंशी पायऱ्या चढते, ती काय पायांना व्यायाम म्हणून? पण हे ओळंब्याला सांगणार कोण!

ओळंबा म्हणजे या घरचा म्हातारा. जन्मभर विहिरी बांधल्या, मोजून साठ. एकही भिंत सूतभर कललेली नाही, म्हणून लोकांनी हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा तेच विचारत यायचा. पुढे यंत्रानं जमिनीला भोक पाडून पाणी काढायचे दिवस आले आणि त्याची थापी खुंटीला लागली. खालची विहीर त्याची सगळ्यांत लाडकी. लग्नाच्या वर्षी बांधलेली, आठ घरं तिच्यावर जगायची. त्याची बायको म्हणायची, "लग्न माझ्याशी केलं, संसार मात्र हिच्याशी."

त्याच्या सुनेला सगळं दिसत होतं. घर उतारावर, पायऱ्यांच्या मध्यावर. मागच्या दाराशी आठ फूट रुंद अंगण, त्यापलीकडे कातळ. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. म्हणजे मागे जायचं तर पुढच्या दारातून, माजघरातून, चुलीला वळसा घालूनच. त्या अंगणाच्या एका टोकाला, जमिनीखाली, संडासाची टाकी. महिनाभर संडासात बुडबुडे येत होते, पाणी जाता जात नव्हतं. आणि ऐन उन्हाळ्यात, जिथे बाकी सगळं करपलं होतं, तिथे टाकीच्या उताराच्या अंगाला गवत हिरवंगार. सून शेतकऱ्याची लेक. असलं गवत कशावर पोसतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"मामंजी, आपली टाकी गळतेय," एके सकाळी तिनं सांगून टाकलं. "आणि ते सगळं खाली विहिरीकडे जातंय."

मामंजींनी चहाची कपबशी खाली ठेवली. "मी बांधलीय ती."

"हो, पण..."

"माझं बांधकाम गळत नाही, सूनबाई. खाली कुणाचा तरी गोठा असेल, तिथे बघा म्हणावं."

पलंगावरून आत्याबाई, म्हणजे सासूबाई, करवादल्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या पलंगाला खिळल्या होत्या, पण जिभेला काही प्लास्टर घातलं नव्हतं. "गोठा मोडून सहा वर्षं झाली. गायी काय स्वर्गातून शेण टाकतात?"

मामंजी उठले, काठी घेतली आणि तडक विहिरीवर गेले. सून मागोमाग. तिथे दोन-चार बायका धुणं धूत होत्या. धुण्यापुरतं पाणी चालत होतं. मामंजींनी कुणाशी न बोलता पोहरा सोडला, वर ओढला आणि सगळ्यांदेखत तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले. तोंड पुसलं. "काय झालंय पाण्याला?" असं म्हणून मागे वळले. खालची काकू, जिचं घर विहिरीला लागून, ती नुसती बघत राहिली. सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या पाण्याचा वास तिला चार हातांवरून आला होता.

पुढचे तीन दिवस मामंजी संडासातून बाहेर आले नाहीत असं म्हटलं तरी चालेल. आणि संडास तुंबलेला! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सून बादल्या ओतत होती, नवरा डॉक्टरांकडून गोळ्या आणत होता. चौथ्या दिवशी मामंजी भिंतीला धरून बाहेर आले, पलंगाच्या कडेला बसले आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "टाकी उपसून बघा."

नवरा बस चालवायचा. त्याच्या ओळखीनं आधी एक ठेकेदार आला. त्यानं कमरेवर हात ठेवून अंगण पाहिलं, कातळ पाहिला, भिंत पाहिली. "यंत्र इथे येत नाही. हातानं खणायचं तर उघडा खड्डा घ्यावा लागेल, आणि तो घेतला की तुमची मागची भिंत खड्ड्यात. माती भिजून लोणी झालीय. आधी स्वयंपाकघर पाडा, मग बोलू."

"स्वयंपाकघर पाडा!" तो गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या. "नाचता येईना, अंगण वाकडं. याचं अंगण अरुंद."

मग मैला उपसणारा टँकर वरच्या रस्त्यावर येऊन उभा राहिला. पाइप पुरेना, तेव्हा टँकरवाल्यानं दुसऱ्या गाडीचा जोडपाइप मागवला. तो पाइप पायऱ्यांवरून उतरून पुढच्या दारातून शिरला आणि पलंगाजवळून मागच्या दारात गेला. आत्याबाईंनी पदर नाकाला लावला होता, तरी पाइपला काठीनं टोचून "हालतोय गं, हालतोय, काहीतरी चाललंय आतून," असं समालोचन चालूच होतं. टँकरवाला माणूस जाणता. निघताना बजावून गेला, "दोन दिवस झाकणं उघडी ठेवा. आणि रिकामी झाली म्हणून आत कुणी उतरू नका, वाकूनही बघू नका. वास नसला तरी विषारी हवा असते. माझ्या डोळ्यांसमोर दोन माणसं गेलीत."

"न वाकता बघायचं कसं?" नवऱ्यानं विचारलं.

"आरसा आणा," मामंजी म्हणाले. "खोल विहिरीत तसंच बघतात. ऊन डोक्यावर आलं की लांब उभं राहून आत पाडायचं."

तिसऱ्या दिवशी दुपारी सुनेनं कपाटाच्या दारातला आरसा काढला आणि चार पावलं मागे, उंच दगडावर उभी राहिली. मामंजी बाजूला स्टुलावर. उन्हाचा गोल तुकडा टाकीच्या तोंडातून आत उतरला, समोरच्या भिंतीवर सरकू लागला. एक वीट, दोन विटा, तीन विटा आणि चौथीच्या जागी काळं भोक. पुन्हा एक, दोन, तीन, भोक. खालच्या थरालाही तसंच. पडकं भोक नव्हे. नीट, चौकोनी, अर्ध्या विटेएवढं, हातानं ठेवलेलं.

सुनेला क्षणभर काही कळेना. मग आठवलं, खालच्या विहिरीत पाणी उतरलं की अशीच भोकं दिसतात. विहिरीच्या भिंतीत ती मुद्दाम ठेवतात, चहूबाजूंचे पाझर आत यावेत म्हणून. विहिरीला ती हवीतच. पण टाकीला?

तिला एकदम म्हाताऱ्याची दया आली. तिनं आरसा हळूच कलता केला. उजेड भोकांवरून घसरून दुसरीकडे गेला.

"हलवू नकोस," मामंजी म्हणाले. "दाखव. सगळं दाखव."

तिनं दाखवलं. पूर्ण गोल. ते बोट हलवत मोजत होते. शेवटी हात मांडीवर पडला.

"विहीर बांधली की गं मी," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की आत्याबाईंनी आतून "काय म्हणाले?" असं दोनदा विचारलं. "त्या वर्षी सात विहिरी केल्या होत्या. आठवी ही. हात आपला चालतच राहिला. वीस वर्षं त्या भोकांत माती अडून होती, ती आता धुपली."

 आपलेच दात आणि आपलेच ओठ. साठ विहिरी बांधणाऱ्यानं आपली सर्वांत लाडकी विहीर स्वतःच्या हातानं नासवली होती, आणि वर तांब्याभर पिऊन मिरवली होती.

त्याच संध्याकाळी, बायका धुणी गोळा करत असताना, मामंजी पुन्हा चाळीस पायऱ्या उतरून विहिरीवर गेले. सुनेनं "मी सांगते ना," म्हटलं, तर काठी आडवी धरली. विहिरीच्या काठाला हात टेकून त्यांनी सांगितलं, "घाण माझीच आहे. माझ्या टाकीची. मी बांधताना चूक केली आणि त्या दिवशी तुमच्यापुढे उगाच तोरा मिरवला."

  मग खालच्या काकूनं पिळलेलं धोतर बादलीत टाकलं आणि विचारलं, "मग आता काय?"

"आता बांधतो. नवी. पावसाच्या आत."

"आणि तोवर तुम्ही सगळे जाणार कुठे?"

याचा कुणी विचारच केला नव्हता. काकूनं सुस्कारा टाकला. "आमच्याकडे या. सकाळी रांग असते, सांगून ठेवते. डबा आपापला आणायचा." सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. जिच्या तोंडचं पाणी आपण पळवलं, तिच्याच दारात डबा घेऊन रोज उभं राहायचं, आणि हे तीच सांगते आहे!

दुसऱ्या दिवसापासून मामंजी रोज पहाटे, दुखरे गुडघे धरून, हातात डबा घेऊन आपल्याच विहिरीवरून जाऊ लागले. रांगेतली पोरंटोरंसुद्धा त्यांना "आजोबा, तुम्ही आधी जा," म्हणायची. ते नाही म्हणायचे. नंबर आल्यावरच जायचे. आत्याबाईंची व्यवस्था घरातच, आणि ती सगळी सुनेच्या हातावर. तिनं एका शब्दानं कुरकुर केली नाही, हेही इथे सांगायलाच हवं, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

पण भिंत न पाडता, उघडा खड्डा न घेता टाकी बांधायची कशी? तर ऐका. खुंटीवरची थापी ओळंब्यानं उतरवली.

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, जमिनीवरच, त्यांनी सळया बांधून काँक्रीटचं एक गोल कडं ओतलं. खालची कड निमुळती, तिला लोखंडी पट्टी. आठवडाभर सून त्याच्यावर पाणी मारत होती. मग त्या कड्यावर विटांचे थर चढले, कमरेइतके. आता बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा जमिनीवर टाकी बांधतोय, वेड लागलं. पण विटांमधला सिमेंटचा माल वाळल्यावर मामंजींनी मुलाला कड्याच्या आत उतरवलं. "आतली माती काढ. सगळीकडून सारखी. एक घमेलं इकडचं, एक तिकडचं. आणि पाय कड्याखाली घालू नकोस, नाहीतर बस चालवायची ती एका पायानं."

मुलानं आतून माती उकरली आणि तासाभरानं ते अख्खं बांधकाम, विटांसकट, आपल्या वजनानं चार बोटं खाली बसलं. कसला आवाज नाही की काही नाही. सून तोंडात बोट घालून बघत राहिली. बाहेरच्या मातीला धक्का नाही, घराच्या भिंतीला कळलंसुद्धा नाही.

"भिंत खाली जाते, गवंडी जागेवरच," मामंजी म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा ते हसले.

आणि खरंच, ज्याला पायऱ्या चढताना धाप लागायची तो म्हातारा स्टुलावर बसून होता. वर थर चढवायचा, खालून माती निघायची, भिंत त्याच्या पुढ्यातून खाली उतरत जायची. निघालेली माती जुन्या टाकीत, चुना आणि विटांच्या तुकड्यांवर जात होती. जुनी भरत होती, नवी उतरत होती. विटा, वाळू आणि सिमेंट मात्र पुढच्या दारातून, पलंगाजवळून आणि चुलीला वळसा घालून. तीन हजार विटा त्या घरातून गेल्या. चूल आठवडाभर पुढच्या ओट्यावर मांडली होती. आत्याबाई प्रत्येक घमेल्याला काठीनं वाट दाखवत होत्या, "डावीकडे घे, डावीकडे! माझा पाय एकदाच मोडायचा होता, तो मोडून झालाय."

विटा चढवायच्या पहिल्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली होती. तिसरा थर चालला होता. सून माल कालवून देत होती, विटा हातात देत होती. मामंजींचा हात काय चालायचा! वीट भिजलेली घ्यायची, थापीनं माल पसरायचा, वीट बसवून वर दोनच टकटक, दोरीला हात न लावता ओळ सरळ. ती पाहता पाहता भान विसरली होती. एक वीट, दोन, तीन. आणि मग थापी पुढे सरकली. मध्ये अर्ध्या विटेची मोकळी जागा राहिली.

"मामंजी!"

"काय?"

तिनं नुसतं बोट दाखवलं. म्हाताऱ्यानं बघितलं.  थापीचं टोक त्या मोकळ्या जागेत घातलं.

"बघितलंस? डोक्याला कळलंय, हाताला नाही. साठ विहिरी शिकवल्यात त्याला मी."  मग त्यांनी थापी खाली ठेवली आणि म्हणाले, "माझ्यानं नाही होणार हे."

सुनेला राग आला. आजवर तिनं त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता, आज चढवला. "नाही होणार काय? होणार! तुम्ही बांधा, मी मोजते. चौथी आली की सांगते. हात ऐकत नसेल तुमचा, तर माझं ऐकेल."

कड्याच्या पलीकडून, विटा रचता रचता, नवऱ्यानं मान वर केली. बायकोचा हा आवाज त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. "बाबा, ऐका तिचं. मी ऐकतो, काही वाईट होत नाही."

त्या दिवसापासून पाच आठवडे त्या अंगणात एकच हाक. "चौथी!" मामंजी थांबायचे, मागे यायचे, माल भरायचे, वीट बसवायचे. "हं." पुन्हा एक, दोन, तीन, "चौथी!" शेजारी ते ऐकून ऐकून त्या घरालाच चौथीचं घर म्हणायला लागले. कधी सून नुसतं खाकरायची, कधी आत्याबाई आतूनच ओरडायच्या, "चौथी झाली का हो?" पुढे पुढे मामंजी स्वतःच थबकायचे, पण ती म्हणेपर्यंत वीट लावायचे नाहीत. आतून सिमेंटचा जाड गिलावाही द्यायचं त्यांनी ठरवलं होतं, एकावर एक दोन थरांचा. तरी भिंतीत एक फट नको, हा हट्टच.

पाचव्या फुटाला कडं अडलं. कातळाच्या बाजूला खाली धोंडा लागला आणि अख्खी भिंत घराकडे दोन बोटं कलली. मामंजींनी चारी बाजूंना ओळंबे, म्हणजे वजन बांधलेले दोरे, सोडले होते. घराकडचा दोरा भिंतीला चिकटला.  घराची भिंत हातभर अंतरावर, आणि त्या भिंतीच्या आत पलंग.

"घराकडची माती काढू नकोस, उलट विटा ठोकून आधार दे," मामंजी शांतपणे सांगत होते. "धोंडा छिन्नीनं फोड. हळू. सूनबाई, वाळूची पोती कातळाकडच्या भिंतीवर ठेव. अजून. अजून एक."

सहा पोती तिनं उचलून ठेवली. पाठ मोडून गेली. आत छिन्नी टणटण वाजत होती. दिवस कलायला आला तेव्हा आवाज बदलला, पोकळ झाला. मामंजी मुलाला म्हणाले, "आता मध्यभागी उभा राहा. हलू नकोस." धोंड्याचा शेवटचा तुकडा निघाला होता. दोन श्वास काहीच झालं नाही. मग कातळाकडची बाजू धप्पकन खाली बसली आणि चारही दोरे भिंतीपासून बोटभर सुटे, सारखे लोंबायला लागले.

म्हाताऱ्यानं चारही बाजूंनी डोळा लावून पाहिलं. मग सुनेला म्हणाला, "चहा कर. साखर जास्त." सुनेनं चूल पेटवली, आधण ठेवलं. असा माणूस आपल्या घरात आहे आणि आपण इतकी वर्षं त्याला नुसता चहा देत होतो, असं तिला वाटलं.

तळ काँक्रीटनं बंद झाला. गिलावा झाला. सांडपाण्याचा पाइप शेजाऱ्याच्या भिंतीखालून, विहिरीच्या उलट उतारावर, लांब शोषखड्ड्यात नेला. झाकण टाकण्याआधी मामंजींनी टाकी स्वच्छ पाण्यानं काठोकाठ भरायला लावली. काल-परवा विटा वाहिल्या तसं आता कळशी कळशी नळाचं पाणी, चव्वेचाळीस पायऱ्या खाली. आणि यात खालच्या बायका न बोलावता आल्या. पाण्याच्या पातळीवर मामंजींनी खिळ्यानं रेघ मारली आणि वर पत्रा झाकला. विहीरवाला माणूस, जन्मभर पाणी किती चढलं ते मोजलं. आता तीन दिवस ते उतरू नये म्हणून बसून होता.

चौथ्या दिवशी पत्रा काढला. पाणी रेघेला टेकलेलं होतं. मामंजी गुडघ्यांवर बसले, बोट रेघेवरून फिरवलं आणि म्हणाले, "आहे तिथेच आहे गं." आणि रडले. आत्याबाईंनी आतून "काय झालं?" विचारलं, तर सुनेनं मोठ्यानं सांगितलं, "पाणी उतरलं नाही!"

आठ दिवसांनी पाऊस आला. घराची मागची भिंत उभी होती.

पण विहीर काही लगेच निवळली नाही. जमिनीत इतकं मुरलेलं एका दिवसात जातं होय? पंप लावून तीनदा उपसली, गाळ काढला, औषध टाकलं. बाटली भरून तपासायला पाठवली, तर "पिण्यास अयोग्य" असा कागद आला. पावसाळा गेला, पुन्हा उपसली, पुन्हा बाटली. थंडी सुरू होताना कागद आला तो सुनेनं दोनदा वाचला आणि मग पायऱ्यांवरून धावतच खाली गेली.

त्या दुपारी आठही घरच्या बायका विहिरीवर जमल्या. आत्याबाईंना मुलानं खुर्चीत बसवून उचलून आणलं. दोन वर्षांनी त्या विहीर बघत होत्या. "सवत अजून तशीच आहे," म्हणाल्या. काकूनं पोहरा ओढला, तांब्या भरला आणि मामंजींपुढे धरला.

मामंजी मागे सरले. "मी नाही. तुम्ही आधी."

"का?"

"मागच्या वेळी मी आधी प्यायलो होतो."

काकूनं तांब्याकडे बघितलं, म्हाताऱ्याकडे बघितलं. "तेव्हा तुम्ही प्यायलात, म्हणून तुम्हाला पटलं पाणी खराब आहे," ती म्हणाली. "आता आम्ही पितो. तुम्हाला कळू दे, चांगलं आहे."

आणि ती प्यायली. तिच्यामागे एकेक करून सगळ्या. शेवटी सून. पाणी गार होतं, गोड होतं, त्याला कसलाही वास नव्हता. तिनं तांब्या पुन्हा भरला आणि मामंजींनी ओंजळ पुढे केली. म्हाताऱ्याची जाडजूड बोटं नीट जुळेनात, बोटांच्या फटींतून निम्मं पाणी धोतरावर.

"अहो," खुर्चीतून आत्याबाई ओरडल्या, "ओंजळीलाही भोकं ठेवलीत का?"

सगळ्या विहिरीवर हशा पिकला. मामंजीही हसत होते, हनुवटीवरून पाणी गळत होतं. सुनेनं तांब्या खाली ठेवला, दोन्ही हातांनी त्यांची ओंजळ खालून घट्ट धरली आणि म्हणाली, "प्या आता." ते प्यायले.